चार विमाने, एक दांडा

नमस्कार, श्रोतेहो. हवाई कसरतींची प्रात्यक्षिके करणाऱ्या पथकाचे लष्करी विमान कोसळले की पहिला संशय इंजिनावर जातो. तो कधी खराही ठरतो. मे २०२० मध्ये कॅनडातील कॅमलूप्स येथे ‘स्नोबर्ड्स’ पथकाच्या विमानाच्या इंजिनात उड्डाणानंतर लगेच पक्षी शिरला आणि त्या अपघातात पथकाच्या एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. परंतु सुस्थितीतील विमानही कोसळते, कारण तीव्र वळणात वैमानिकाचे रक्त पायांकडे ओढले जाते आणि मेंदूला ते पुरेसे मिळाले नाही, तर शुद्ध हरपते. अमेरिकी नौदलाच्या ‘ब्लू एंजल्स’ पथकाचे वैमानिक हवेने फुगून पाय आवळणारा जी-सूट घालत नाहीत. मांडीवर टेकवलेला हात त्या फुगवट्याने उचलला गेला, तर मुठीतला, विमानाची दिशा ठरवणारा दांडा हलतो, आणि शेजारचे विमान असते हातभर अंतरावर. त्यामुळे पोटाचे आणि पायांचे स्नायू आवळूनच त्यांना रक्त वर रोखावे लागते. २००७ मध्ये साउथ कॅरोलायनातील ब्यूफर्ट येथे या पथकाचा एक वैमानिक मरण पावला, तेव्हा नेमके हे आवळणेच कमी पडल्याचे चौकशीत आढळले.

 

मला नेहमी आठवतो तो १८ जानेवारी १९८२ चा सराव. नेव्हाडातील इंडियन स्प्रिंग्ज येथे अमेरिकी हवाई दलाच्या ‘थंडरबर्ड्स’ पथकाची चार टी-३८ विमाने एका ओळीत, पंखाला पंख भिडवून वर चढली, माथ्यावर उलटी झाली आणि लूप, म्हणजे हवेतले उभे वर्तुळ, पुरा करण्यासाठी खाली वळली. खाली येताना दांडा पोटाशी ओढून धरावा लागतो, तेव्हा कुठे विमानाचे नाक वर येते. आता लक्षात घ्या, श्रोतेहो, की किती ओढायचे हे चौघांपैकी एकटा लीडर ठरवत होता. उरलेले तिघे जमिनीकडे पाहत नव्हते, उंचीमापकाकडेही पाहत नव्हते. त्यांची नजर लीडरच्या विमानावर खिळलेली होती, कारण ओळ राखायची तर दुसरीकडे पाहायला सवडच नसते. लीडरच्या विमानात शेपटीचा आडवा पंख हलवणारी यंत्रणा अडकली आणि दांडा हवा तेवढा ओढला गेला नाही, असा निष्कर्ष हवाई दलाने काढला. चारही विमाने जवळजवळ एकाच क्षणी जमिनीवर आदळली. चौघेही वैमानिक गेले.

पुन्हा सांगतो: बिघाड एका विमानात होता, उरलेली तीन धडधाकट होती. पथकाचे त्या वर्षीचे कार्यक्रम रद्द झाले आणि १९८३ मध्ये ते परतले, ते एफ-१६ विमाने घेऊन.