तीन पत्तीवाल्यांसाठी पोकरची परिभाषा

श्रोतेहो, पोकरचे प्रकार अनेक आहेत. आज मात्र आपण फक्त ‘टेक्सस होल्डेम’ या प्रकाराच्या परिभाषेबद्दल बोलणार आहोत, कारण पणजीला मांडवीच्या पात्रातील तरंगत्या कॅसिनोंमध्ये काय किंवा लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेच्या मुख्य लढतीत काय, प्रामुख्याने हाच प्रकार खेळला जातो. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी गणपतीच्या जागरणात नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत कधीतरी तीन पत्ती खेळलेली असणार, असेही मी गृहीत धरतो. ते गृहीत धरण्याला कारण आहे. पोकरच्या टेबलावर बसलेल्या मराठी माणसाला अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे शब्दच अधिक फसवतात.

‘ब्लाइंड’ हा त्यांतला पहिला. तीन पत्तीत ब्लाइंड खेळणे म्हणजे आपली पाने न बघता चाल करणे. पोकरमध्ये ब्लाइंड ही सक्तीची रक्कम असते. वाटणाऱ्याच्या डावीकडच्या पहिल्या खेळाडूने ‘स्मॉल ब्लाइंड’ आणि दुसऱ्याने, सामान्यतः त्याच्या दुप्पट, ‘बिग ब्लाइंड’ पाने वाटण्यापूर्वीच पुढे सरकवायची असते. पाने मात्र सगळेच बघून खेळतात. आपल्या ‘बूट’शी याचे नाते जवळचे आहे, एवढेच की बूट सगळे भरतात आणि ब्लाइंड दोघेच. कॅसिनोत पाने वाटायला नोकर असतो, म्हणून वाटणाऱ्याची मानाची जागा दाखवण्यासाठी ‘बटन’ नावाची चकती ठेवतात, आणि ती दर डावाला एकेक जागा पुढे सरकते. बिग ब्लाइंडच्या लगतच्या डाव्या जागेला ‘अंडर द गन’ म्हणतात, कारण पाने हाती आल्यावर सर्वांत आधी बोलण्याची पाळी त्या बिचाऱ्याची असते. फ्लॉपनंतर, म्हणजे मधली पहिली तीन पाने उघडल्यावर, बटनवाला सर्वांत शेवटी बोलतो. इतरांनी काय केले हे पाहून निर्णय घेण्याची ही सोय इतकी मोलाची आहे, की एक्का-दश्शी हे एकच पान-युग्म बटनवर खेळण्याजोगे आणि अंडर द गन बसल्यावर बहुधा टाकण्याजोगे ठरते.

हातात दोन पाने आणि मध्ये उघडी पाच, अशा सातांतून उत्तम पाच निवडायची असतात. मधली पहिली तीन पाने एकदम उघडतात तो ‘फ्लॉप’, चौथे पान ‘टर्न’ आणि पाचवे ‘रिव्हर’. प्रत्येक टप्प्यावर बोलीची एक फेरी होते. समोरच्याइतकी रक्कम लावणे म्हणजे ‘कॉल’, ती वाढवणे म्हणजे ‘रेझ’, आणि पाने टाकून देणे म्हणजे ‘फोल्ड’, म्हणजे आपले ‘पॅक’. पण ‘चेक’ या शब्दाला तीन पत्तीत जोडीदारच नाही. तिथे पाळी आली की चाल तरी करायची किंवा पॅक तरी व्हायचे. पोकरमध्ये त्या फेरीत आधी कुणी काही लावले नसेल, तर एक छदामही न घालता डावात राहता येते. तीन पत्तीच्या सवयीचा खेळाडू नेमका इथे पाने टाकून मोकळा होतो. पुढचे पान फुकट बघायला मिळत असताना ते नाकारण्यासारखा तोटा नाही.

आता क्रमवारीकडे वळू. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा असतो, तर पोकरमध्ये कलर, म्हणजे ‘फ्लश’, सिक्वेन्सपेक्षा, म्हणजे ‘स्ट्रेट’पेक्षा मोठा असतो. हा लहरीपणा नाही. तीन पानांचे एकूण २२,१०० हात संभवतात; त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पानांचे २५,९८,९६० हात होतात, आणि त्यांत स्ट्रेट १०,२०० तर फ्लश ५,१०८. जे दुर्मीळ ते श्रेष्ठ, हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे. गंमत अशी, की तीन पत्तीतच तो एका ठिकाणी मोडतो: प्युअर सिक्वेन्स ४८ प्रकारे येतो आणि ट्रेल ५२ प्रकारे, तरी मान ट्रेलला मिळतो. पोकरमध्ये ट्रेलला दोन नावे आहेत. जोडी हातात आणि तिसरे पान मध्ये असेल तर तो ‘सेट’. जोडी मध्ये आणि तिसरे हातात असेल तर ‘ट्रिप्स’. सेट समोरच्याला दिसत नाही, म्हणून त्यावर पैसे जास्त मिळतात.

माझ्या मते नवख्याने सर्वांत आधी आत्मसात करावी अशी संज्ञा ‘आउट्स’ ही आहे. तुमच्या हातात दोन बदाम आहेत आणि फ्लॉपमध्ये आणखी दोन बदाम आले, असे समजा. तेरांपैकी चार दिसले, उरले नऊ. हे तुमचे नऊ आउट्स. न दिसलेली पाने ४७, म्हणून टर्नला बदाम येण्याची शक्यता सुमारे १९ टक्के आणि दोन्ही पाने मिळून सुमारे ३५ टक्के. टेबलावर तोंडी हिशेब असा करतात: एकच पान यायचे असेल तर आउट्सची दुप्पट, दोन यायची असतील तर चौपट. आता मधल्या ढिगात, म्हणजे ‘पॉट’मध्ये, ८०० रुपये आहेत आणि प्रतिस्पर्ध्याने २०० लावले. तुम्ही २०० घातले की एकूण १,२०० होतात, म्हणजे सहात एकदा, जवळपास १७ टक्के वेळा जिंकलात तरी बरोबरी साधते. शक्यता १९ टक्क्यांची असल्याने कॉल रास्त ठरतो. याला ‘पॉट ऑड्स’ म्हणतात.

पानांच्या टोपणनावांवर मी फार वेळ घालवणार नाही. दोन एक्के म्हणजे ‘रॉकेट्स’, दोन गुलाम म्हणजे आकारामुळे ‘फिशहुक्स’, दोन दुऱ्या म्हणजे ‘डक्स’. दश्शी-दुरीला मात्र अमेरिकी पोकरपटू डॉइल ब्रन्सन यांचे नाव मिळाले, कारण १९७६ आणि १९७७ अशा लागोपाठ दोन वर्षी जागतिक स्पर्धेचा शेवटचा डाव त्यांनी याच पानांवर जिंकला. तेवढ्यावरून ही पाने कुणी खेळू नयेत.

खेळाडूंनाही नावे आहेत. कच्चा खेळाडू ‘फिश’, फक्त भक्कम पानांवर खेळणारा ‘निट’, आणि प्रत्येक बोलीला कॉल करत राहणारा ‘कॉलिंग स्टेशन’. या शेवटच्यापुढे ब्लफ करणे व्यर्थ असते. फार पुढे असूनही हरणे म्हणजे ‘बॅड बीट’: दोन एक्के दोन बादशहांपुढे सुमारे ८२ टक्के वेळा जिंकतात, उरलेल्या वेळी हेच घडते. त्या रागात विवेक सोडून खेळणे म्हणजे ‘टिल्ट’. हा शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आला. ते फार हलवले की यंत्र ‘टिल्ट’ दाखवून बंद पडते.

शिष्टाचारातली एक संज्ञा विसरू नका: ‘स्ट्रिंग बेट’. “तुमचे पाचशे कॉल, आणि वर हजार” हे वाक्य पडद्यावर शोभते. टेबलावर ‘कॉल’ हा शब्द उच्चारताच तो बंधनकारक होतो आणि वरचे हजार परत घ्यावे लागतात.

राहिला ‘रेक’. जुगाराच्या अड्ड्यावर जिला नाल म्हणतात, तीच ही घरमालकाची पाती. ती सहसा पॉटच्या ठरावीक टक्क्यांनी आणि एका कमाल मर्यादेपर्यंत कापली जाते. फ्लॉपपूर्वीच डाव संपला, तर अनेक ठिकाणी काहीच कापत नाहीत; ‘नो फ्लॉप, नो ड्रॉप’ म्हणतात ते यालाच. बसण्यापूर्वी रेक किती, हे विचारून घ्यावे.