सोन्याची तार आणि चपलांचा कारखाना

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, चिपचे कारखाने एका देशातून दुसऱ्या देशात का जातात, या प्रश्नाला ‘जिथे मजुरी स्वस्त तिथे’ असे उत्तर आपण इतक्या सवयीने देतो, की ते साठ वर्षांपूर्वीचे उत्तर आहे हे ध्यानातच येत नाही.

त्या काळी मात्र ते अगदी खरे होते. 1960च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातल्या फेअरचाइल्ड कंपनीने हाँगकाँगमध्ये चपलांच्या एका जुन्या कारखान्यात जुळणीचे काम सुरू केले. वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर (वेफर म्हटल्यावर ज्यांना चहा आठवला, त्यांनी जरा धीर धरावा), विद्युत मंडले उमटवण्याचे काम अमेरिकेतच होई. पण वेफर कापून निघालेला चिमुकला तुकडा बैठकीवर बसवून, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, केसाहून बारीक सोन्याची तार त्याच्या कडेला जोडायची, हे काम हाताचे होते आणि ते बहुतेक बायकाच करीत. अमेरिकेत ज्या कामाला तासाला सुमारे 2.50 डॉलर पडत, ते इथे 25 सेंटांत होई. माल इतका हलका, की विमानभाडे जाणवू नये. शिवाय अमेरिकी सुटे भाग वापरले असतील, तर परतीच्या मालावर जकात केवळ बाहेर वाढलेल्या किमतीपुरती. इंटेल 1972 साली मलेशियात पेनांगला गेली तीही याच हिशेबाने, आणि कारखाना उभा राहिला तो भातशेतीच्या जमिनीवर. पुढे तारा जोडणारी यंत्रे आली, हातांचे मोल उतरले, तरी पेनांग ओस पडले नाही. तोवर तिथे तंत्रज्ञ आणि पुरवठादार रुजले होते. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवा, कारण आता वेळेची चिठ्ठी आलीच आहे, म्हणजे जाहीर केलेल्या विषयाला हात घालायला हवा.

वेफर घडवणारा कारखाना मजुरीमागे धावत नाही. तिथले एकेक छपाईयंत्र 15 कोटी डॉलरांच्याही वर जाते. अशा भांडवलापुढे कामगाराचा पगार तो किती! म्हणून सरकारी पैसा बोलतो: अमेरिकेने 2022च्या कायद्यात चिपनिर्मितीच्या प्रोत्साहनासाठी 3,900 कोटी डॉलर ठेवले, आणि तैवानच्या सामुद्रधुनीत चीनशी संघर्ष पेटण्याची भीती त्यामागे होती. पण पैशाने सारे भागत नाही. टीएसएमसी या तैवानच्या चिप बनवणाऱ्या कंपनीने अमेरिकेतल्या अरिझोनाच्या कारखान्याची घोषणा 2020 मध्ये केली, जपानमधल्या कुमामोतोच्या कारखान्याची 2021 मध्ये. तरी दोन्हीकडे उत्पादन सुरू झाले ते 2024च्या अखेरीस, जवळपास बरोबरच, कारण कुमामोतोत शेजारी सोनीचा कारखाना होता आणि पुरवठादार जवळच होते. (तळेगावचा प्रश्न येणार, ठाऊक आहे. तिथे येईल असे वाटणारा वेदान्त-फॉक्सकॉनचा चिपप्रकल्प गुजरातेत गेला म्हणून 2022 मध्ये आपण हळहळलो; पुढच्याच जुलैत फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली.)

टीएसएमसीचे संस्थापक मॉरिस चँग यांनी हे फरकाचे गणित साध्या शब्दांत मांडले होते: रात्री एक वाजता यंत्र बंद पडले, तर अमेरिकेत ते सकाळी दुरुस्त होते, तैवानमध्ये दोन वाजता.