सकाळची पोटदुखी

नमस्कार श्रोतेहो. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आम्हा समुपदेशकांकडे येणाऱ्या पालकांची एक तक्रार ठरलेली असते. "रोज सकाळी पोट दुखतं म्हणते. डॉक्टरांना दाखवलं, सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल. रविवारी मात्र ठणठणीत!" मग बरोबर आलेलं कुणीतरी म्हणतं, "नाटकं आहेत सगळी."

नाटकं नसतात ती. भीतीने पोटात खरोखर कळ येते, मळमळतं, हात गार पडतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला आपली काळजी शब्दांत सांगता येत नाही, पोट दुखतंय एवढंच सांगता येतं.

अशा वेळी घरातली मोठी माणसं काय करतात, त्याबद्दल मला आज बोलायचंय. दुसरीतली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवताहेत आणि ती आईची ओढणी सोडत नाही. बाबा ओरडतात. आजी म्हणते, "राहू दे गं आजचा दिवस, लेकराला कशाला छळता?" आई विरघळते. दप्तर खाली ठेवलं की थोड्या वेळात पोट थांबतं, सगळ्यांना हायसं वाटतं. पण मुलीच्या मनात पक्कं बसतं की घरी राहिले म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी ओढणी आणखी घट्ट धरली जाते. बघता बघता अख्खं घर त्या भीतीच्या कलाने वागू लागतं. आई मधल्या सुट्टीत फाटकापाशी उभी राहते, रात्री तिच्याजवळ झोपते, "उद्या बाई रागावतील का?" याचं उत्तर पुन्हा पुन्हा देत राहते. हे सगळं मायेपोटी होतं, म्हणून तर ते थांबवणं इतकं जड जातं.

अमेरिकेत येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं इथे लक्ष दिलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात चिंतेचा विकार असलेली ७ ते १४ वर्षांची १२४ मुलं होती. एका गटातल्या मुलांवर थेट उपचार झाले. दुसऱ्या गटात फक्त आईवडील यायचे, मूल यायचंच नाही. आईवडिलांनी आपलं वागणं बदललं आणि ती मुलंही पहिल्या गटाइतकीच सुधारली. मला यात मोठा आधार वाटतो. आपल्याकडे तालुक्याच्या गावी बालमानसोपचारतज्ज्ञ कुठून मिळणार? घरच्यांना मात्र उद्या सकाळपासून सुरुवात करता येते.

मुलाला एवढंच सांगा, "तुला भीती वाटतेय, कळतंय मला. तरी जमेल तुला." आजी, बाबा, आई, सगळ्यांनी हेच म्हणायचं. वर्गाच्या दारापर्यंत जात असाल, तर या आठवड्यात फाटकापर्यंत जा, पुढच्या आठवड्यात रिक्षापर्यंत. सुरुवातीला रडणं वाढेल. तेव्हा ओरडू नका आणि माघारही घेऊ नका.

मात्र आधी नीट चौकशी करा. वर्गात कुणी मारतंय, चिडवतंय का? वाचताना अक्षरं लागत नाहीत का? तसं असेल तर नुसत्या धीराच्या शब्दांनी काही होणार नाही, बाईंना भेटायला हवं. आणि काही मुलांची भीती शाळेची नसतेच. रात्री आईबाबांचं कडाक्याचं भांडण ऐकलेलं मूल सकाळी घर सोडायला तयार होत नाही, कारण आपण नसताना आईला काही झालं तर, हा प्रश्न त्याला खात असतो. अशा मुलाला दटावून शाळेत धाडणं मला क्रूरपणाचं वाटतं. तिथे आधी मोठ्यांनी आपसातलं भांडण सोडवायला हवं. तुमचं भांडण त्याच्यामुळे झालेलं नाही, हेही त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. मुलं दोष स्वतःकडे घेतात.

दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, झोप किंवा जेवण तुटलं, तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. मुलाला फोनवर आणायची गरज नाही, तुम्हीच बोला. नमस्कार.