ऑपरेशननंतरचं ताट आणि गोळ्यांचा डबा

(वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर एका आहारतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांच्याबरोबर आज घरची मंडळीही आली आहेत, याचा मला फार आनंद आहे. कारण मी जे सांगणार आहे ते सांभाळलं जातं किंवा बिघडतं ते घरच्या स्वयंपाकघरात.

मुद्दा एकच आहे. या ऑपरेशननंतर मिळणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्या म्हणजे आजारपणातलं औषध नव्हे. ताप उतरला की क्रोसिन थांबते. या गोळ्या मात्र अगदी ठणठणीत असतानाही घ्यायच्या, आणि जन्मभर घ्यायच्या. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून माणूस सहा महिने घेतो. कारण समजलं तर तो पुढेही घेत राहतो. म्हणून आधी कारण बघू.

वजनाची ऑपरेशनं मुख्यतः दोन प्रकारची, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग, कधी त्याहून जास्त, काढून टाकतात. उरते ती एक अरुंद नळी, साधारण शंभर ते दीडशे मिली मावेल एवढी. बायपासमध्ये (हा हृदयाचा नव्हे, पोटाचा) जठराची जेमतेम 30 मिलीची पिशवी वेगळी करतात आणि ती लहान आतड्याला पुढे जाऊन जोडतात. आपल्याकडे मिनी बायपासही बऱ्याच होतात, त्यात आतड्याचा सुरुवातीचा दीड-दोन मीटरचा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो. नेमक्या याच सुरुवातीच्या भागात लोह आणि कॅल्शियम सर्वांत चांगलं शोषलं जातं. लोहाला त्याआधी जठरातलं आम्लही लागतं, आणि तेही आता कमी झालेलं असतं. म्हणजे पालक, बीट, खजूर कितीही खाल्लं तरी वाटच बदलली आहे. ही तूट नुसत्या खाण्याने भरून निघत नाही.

बी-12 चं तर विचारूच नका. ते अन्नातून सुटं व्हायला आम्ल लागतं, शोषलं जायला जठराच्या भिंतीत तयार होणारं एक विशिष्ट प्रथिन लागतं, आणि शोषण होतं थेट लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाशी. या साखळीचे पहिले दोन दुवे ऑपरेशनने सैल होतात. पण यकृतात बी-12 चा साठा असतो, तो हळूहळू संपतो. त्यामुळे पहिल्या वर्षी काहीच जाणवत नाही. वजन उतरलेलं असतं, शुगरच्या गोळ्या सुटलेल्या असतात, लोक कौतुक करत असतात. आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पायांना मुंग्या यायला लागतात, जिना उतरताना तोल जातो, बारीकसारीक गोष्टी आठवत नाहीत. मला सर्वांत जास्त काळजी याच काळाची वाटते, कारण तोवर फॉलोअपला येणं थांबलेलं असतं.

आपल्यासाठी हे जास्तच महत्त्वाचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी 1990च्या दशकात आसपासच्या गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. त्यात अर्ध्याहून जास्त बायकांमध्ये बी-12 कमी होतं, आणि त्या काही ऑपरेशन झालेल्या नव्हत्या. शाकाहारी घरांत मुळातच तूट असते. म्हणून बी-12 ऑपरेशनच्या आधीच तपासा आणि भरून काढा. नंतर रोज 350 ते 1000 मायक्रोग्रॅमची गोळी, नाहीतर महिन्याला 1000 मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. एक सावधगिरी बाळगा: नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलात तर रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि बी-12 अभावी मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं.

आता लोह आणि कॅल्शियम. ही दोन्ही एकाच वेळी घेतली तर एकमेकांच्या आड येतात. मध्ये किमान दोन तासांचं अंतर हवं. चहा-कॉफीही लोहाला अडवते. थायरॉईडची गोळी चालू असेल तर तिच्यानंतर या दोन्हींसाठी चार तास थांबायचं. हे सगळं दिवसात बसवायचं कसं? माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकाबाईंनी छान बसवलंय. उठल्याबरोबर थायरॉईडची गोळी. मग चहा-नाश्ता. अकराच्या मधल्या सुट्टीत लिंबूपाण्याच्या दोन घोटांबरोबर लोह. दुपारी जेवणानंतर कॅल्शियमचा पहिला डोस, संध्याकाळी घरी आल्यावर दुसरा, झोपताना तिसरा. मल्टिव्हिटॅमिन रात्रीच्या जेवणाबरोबर, पण त्यात लोह नाही हे त्यांनी पाहून घेतलंय. कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय, आणि त्यांच्या सासूबाई तो कागद बघून विचारतात, "अकराची झाली का गं?" अशी सासू प्रत्येकीला मिळो.

कॅल्शियमचे तीन डोस कशासाठी? दिवसाला 1200 ते 1500 मिलिग्रॅम लागतं, आणि शरीर एका वेळी पाचशे-सहाशेच्या वर नीट शोषू शकत नाही. इथेच गोळीची स्ट्रिप वाचायला शिका. कॅल्शियम कार्बोनेट आणि कॅल्शियम सायट्रेट अशा दोन प्रकारच्या गोळ्या मिळतात. कार्बोनेटला आम्ल लागतं, सायट्रेटला लागत नाही, म्हणून आपल्याला सायट्रेट बरं. मेडिकलवाला म्हणतो, "हे घ्या, कॅल्शियमच आहे, स्वस्त आहे." तेव्हा स्ट्रिप उलटी करून बघा. पुढे ठळक 1000 लिहिलेलं असेल, पण 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम सायट्रेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम साधारण 210 मिलिग्रॅमच असतं. बारीक अक्षरात 'एलिमेंटल' किती आहे ते पाहायचं आणि बेरीज त्याची करायची. आणि रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त राहू नका. कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढतं आणि रक्तातला आकडा सांभाळून घेतं. म्हणून व्हिटॅमिन डी आणि पीटीएच (हाडांतून कॅल्शियम काढायला लावणारं संप्रेरक) या तपासण्या हव्यात. तसंच हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी हवी, कारण आधी साठा संपतो आणि हिमोग्लोबिन त्यानंतर उतरतं.

आता ताटाकडे येऊ. आधी पातळ, मग मऊ वाटलेलं, मग नेहमीचं, हे टप्पे तुमच्या तक्त्यात आहेत, त्यात मी वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते प्रोटीनवर. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम लागतं. आपल्या शाकाहारी ताटाचा हिशेब करू. दोनशे मिली दूध, साडेसहा ग्रॅम. शंभर ग्रॅम पनीर, अठरा. पंचवीस ग्रॅम सुके सोया चंक्स, तेरा. वाटीभर घट्ट वरण, पाच-सहा. शंभर ग्रॅम दही, साडेतीन. झाले सेहेचाळीस-सत्तेचाळीस, आणि पहिल्या काही महिन्यांत एवढंही पोटात मावत नाही. म्हणून व्हे पावडरचा, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रोटीनच्या पावडरचा, एक स्कूप सांगते. त्यात जाहिरात नाही, हा सरळ हिशेब आहे. अंडी-मासे खाणाऱ्यांचं काम सोपं होतं: एका अंड्यात सहा ग्रॅम, शिजलेल्या माशाच्या शंभर ग्रॅममध्ये वीसच्या आसपास.

आपल्या पद्धतीत पोळी मधोमध असते आणि बाकी सगळं तोंडी लावणं. इथे क्रम उलटा करायचा: आधी पनीर, उसळ, अंडं, मासा, मग भाजी, जागा उरली तर चतकोर भाकरी. पिठलं चांगलं, मुगाचं धिरडं चांगलं. ताजी मऊ पोळी आणि चिकट भात मात्र पुष्कळांना घशाखाली अडकल्यासारखा होतो. पाणी जेवणाबरोबर नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने, पण दिवसभर घोटघोट चालू ठेवायचं.

उपवासाचं स्पष्ट बोलते. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. ज्यांचं पोट शंभर मिलीचं आहे त्यांनी ते साबुदाण्याने भरलं तर त्या दिवशी प्रोटीनला जागाच राहिली नाही. श्रद्धा सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. उपवासाला दही, पनीर, दूध, राजगिरा चालतो, त्यावर तो दिवस काढा, आणि गोळ्या मात्र चुकवू नका. दिवाळीतला चिवडा, फरसाण, शेव यांचा धोका वेगळा. पोट लहान असूनही हे पदार्थ थोडेथोडे करत दिवसभर खाता येतात, आणि उतरलेलं वजन याच वाटेने परत येतं. बायपासवाल्यांना गोडाने घाम फुटतो, छाती धडधडते, चक्कर येते. त्याला डंपिंग म्हणतात. त्यामुळे लग्नात कोणी जिलबीचा आग्रह केला तर घरच्यांनी पुढे होऊन 'नाही' म्हणावं. ते ओझं त्या एकट्या माणसावर टाकू नका.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. बहुतेकांचे परत येतात. घाबरून केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बायोटिन व्हिटॅमिनच्या बाटल्या आणण्याआधी प्रोटीन आणि फेरिटिन बघा. बायपास झालेल्यांनी आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, जोडलेल्या जागी अल्सर होऊ शकतो. दिवस राहण्याचा विचार असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबा, आणि आधी सगळ्या तपासण्या करून घ्या.

शेवटचं सांगते, ते घरच्यांनी नीट ऐकावं. बी-1, म्हणजे थायमिन, याचा साठा शरीरात दोन-तीन आठवड्यांचाच असतो. ऑपरेशननंतर सतत उलट्या होत असतील तर 'सवय होईल' म्हणून घरी बसू नका. दोन-तीन दिवस काही टिकत नसेल तर सर्जनना फोन करायचा. एकाचं दोन दिसणं, चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच क्षणी दवाखाना गाठायचा, कारण थायमिनअभावी मेंदूला झालेली इजा कायमची राहू शकते. रात्री-अपरात्री जवळच्या कुठल्यातरी हॉस्पिटलात जावं लागेल, तिथल्या डॉक्टरांना तुमच्या ऑपरेशनची माहिती नसेल. अशक्तपणा आहे म्हणून ते ग्लुकोजचं सलाईन लावायला घेतील. थायमिन संपलेलं असताना आधी ग्लुकोज गेलं तर प्रकृती आणखी बिघडते. तेव्हा स्पष्ट सांगायचं: "वजनाचं ऑपरेशन झालंय, इतके दिवस उलट्या होताहेत, ग्लुकोजच्या आधी थायमिनचं इंजेक्शन द्या." हे वाक्य आणि ऑपरेशनचं नाव व तारीख एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवा. बाहेर टेबलावर कोरी कार्डं ठेवली आहेत, जाण्याआधी भरून घ्या.