टाचेमागचे दुखणे आणि भाराचा हिशेब

नमस्कार. सभागृहात शिरताना मी पुढच्या दोन रांगांतील मंडळींचे पाय पाहत होते. ही माझ्या व्यवसायाची खोड आहे, राग नसावा. दोघातिघांनी बुटाची मागची बाजू टाचेखाली दाबून त्याची चप्पल केली आहे. टाचेमागे दुखणारी माणसे नेमके हेच करतात, आणि त्यात त्यांचे काही चुकतही नाही, कारण बुटाची कडक कड दुखऱ्या जागी रुतते.

आज ज्या शिरेबद्दल बोलायचे आहे, तिला आमच्या घरातली जुनी माणसे घोडशीर म्हणत. डॉक्टरांच्या कागदावर ती अकिलीस टेंडन असते. पोटरीच्या स्नायूंपासून निघून टाचेच्या हाडाला मागून चिकटणारी ही कंडरा शरीरातील सर्वांत जाड आणि बळकट असून, धावताना तिच्यावर वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. कंडरा हाडावर घासू नये म्हणून दोहोंमध्ये बर्सा नावाची द्रवाची चपटी पिशवी असते. दुखणे हाडापासून २ ते ६ सेंटीमीटर वर आहे, की अगदी हाडाशी आणि त्या पिशवीत आहे, हे आधी ठरवावे लागते, कारण पुढचा सगळा उपचार त्यावर अवलंबून असतो.

स्वीडनमधील होकान आल्फ्रेडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक व्यायाम प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाच सावकाश पायरीच्या खाली उतरवायची, १५ वेळांचे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून आणि तीन गुडघा किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, असे १२ आठवडे. म्हणजे रोज १८० वेळा. वरच्या भागातील दुखण्याला त्याचा चांगला उपयोग होतो. मात्र टाच पायरीखाली गेली की कंडरा हाडावर दाबली जाते आणि बर्सा मध्ये चेपली जाते, त्यामुळे हाडाशी दुखणाऱ्या माणसाला तोच व्यायाम छळतो.

रामबागेतील एक निवृत्त बँक कर्मचारी माझ्याकडे आले, ते असेच छळले गेलेले. मोबाईलवरील चित्रफीत पाहून त्यांनी चार महिने जिन्याच्या पायरीवर टाचा उतरवल्या होत्या, शिवाय सकाळ-संध्याकाळ भिंतीला हात लावून पोटरी ताणत होते. कंडरेच्या दोन्ही बाजूंनी, तिच्या किंचित पुढे, चिमटीत धरून दाबताच त्यांनी पाय ओढून घेतला. मी पहिल्या दिवशी जिना आणि ताणणे दोन्ही बंद केले, बुटात टाचेखाली उंचवटा घातला आणि उकिडवे बसण्यास मनाई केली. घरातील भारतीय पद्धतीचा संडास हा त्यांच्या दुखण्यातला एक वाटेकरी होता, हे त्यांना आधी पटेना. पण उकिडवे बसताना घोटा किती पुढे वाकतो, हे स्वतः पाहिल्यावर पटले.

नुसती विश्रांती मात्र मी दिली नाही. विश्रांतीने वेदना निवते, पण कंडरेची भार पेलण्याची ताकदही उतरते, आणि माणूस पुन्हा मेघदूत उपवनात फिरू लागला की आठवड्याभरात दुखणे परत येते. त्यांना सपाट फरशीवर दोन्ही चवड्यांवर ४५ सेकंद स्थिर उभे राहणे, असे पाच वेळा, हा पहिला धडा होता. पुढे टाच वर नेणे आणि जमिनीपर्यंतच खाली आणणे, मग तेच एका पायावर, आणि शेवटी पाठीवरच्या पिशवीत पाच किलो तांदूळ घेऊन.

भार किती वाढवायचा, याचे उत्तर दुसऱ्या दिवशीची सकाळ देते. व्यायामाच्या वेळी दहापैकी पाचपर्यंतचे दुखणे चालते, पण सकाळी उठल्यावर ते नेहमीच्या पातळीवर आलेले असले पाहिजे. या गृहस्थांच्या पत्नी कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहीत. त्याच चौकोनात त्या सकाळचा आकडा लिहू लागल्या. ‘दूध दीड, टाच चार.’ एवढी प्रामाणिक नोंद मला क्वचितच मिळते, रुग्ण स्वतः आकडा नेहमी कमी सांगतात.

औषधांविषयी थोडक्यात. कंडरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतल्यास ती तुटण्याचा धोका असतो. सिप्रोफ्लोक्सासिन, लेव्होफ्लोक्सासिन या गटातील प्रतिजैविकांनीही कंडरेला इजा होऊ शकते, तेव्हा असे औषध लिहून दिले जात असताना टाचेचे दुखणे डॉक्टरांना अवश्य सांगावे. आणि चालताना मागून कुणी लाथ मारल्यासारखे वाटले, वळून पाहिले तर कोणी नाही, आणि त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येत नाही, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ते माझ्या व्यायामाचे काम नव्हे.

रामबागेच्या काकांना सहा महिने लागले. तिसऱ्या महिन्यात आकडा दोनवर आला, मग एका लग्नात दिवसभर नव्या बुटांत उभे राहिल्याने पुन्हा पाचवर गेला, आणि आम्ही तांदळाची पिशवी पंधरा दिवस बाजूला ठेवली. उकिडवे बसणे त्यांनी सगळ्यांत शेवटी सुरू केले, तेही आधी टाचांखाली दुमडलेली सतरंजी घेऊन.