इन्सुलिनची ३३३ अक्षरं

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणीकडची जी मुलंमुली पीयूसी सायन्स किंवा बी.एस्सी. करून बायोटेक्नॉलॉजीकडे वळणार आहेत, त्यांच्याशी आज बायोइन्फर्मेटिक्सबद्दल, म्हणजे जनुकं-प्रथिनांची माहिती संगणकावर तपासण्याच्या शास्त्राबद्दल बोलायचंय. या विषयाला घरबसल्या हात घालता येतो. साधा लॅपटॉप आणि इंटरनेट सुरुवातीला पुरतं.

दहा सॉफ्टवेअरांच्या मागे लागू नका. एकच जनुक धरा. जनुकांच्या नोंदी ठेवणाऱ्या एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या मोफत संकेतस्थळावर माणसाच्या इन्सुलिनची एमआरएनए नोंद काढा. एमआरएनए म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून उतरवलेली प्रत. तिच्यात सीडीएस म्हणून जो भाग दाखवलेला असतो, तो प्रथिनाचा मजकूर. ए, टी, जी, सी ही त्याची अक्षरं. एटीजीपासून टीएजीपर्यंत ती बरोबर ३३३. तीन-तीनचे गट पाडले की १११. शेवटचा गट म्हणजे थांबण्याची खूण. उरली ११० अमिनो आम्लं.

आता हेच मोजणारा छोटा प्रोग्रॅम पायथनमध्ये स्वतः लिहा. हमखास चूक होते ती इथेच. नोंदीतली मोजणी एकपासून असते, पायथनची शून्यापासून. एक अक्षर सरकलं की पुढचे सगळे गट बिघडतात आणि संगणक अवाक्षर काढत नाही. चुकीचं प्रथिन निमूटपणे छापून देतो. म्हणून दर वेळी पाहायचं: पहिलं आम्ल मेथिओनिनच आहे ना? मध्येच थांबण्याची खूण तर आली नाही? ही सवय कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाची आहे.

जनुकांची यादी एक्सेलमध्ये थेट उघडू नका. ‘मार्च १’ नावाच्या जनुकाची तो तारीख करून टाकायचा. शेवटी २०२० मध्ये अशा जनुकांची नावंच बदलावी लागली. लिनक्सची कमांड लाइन शिका. विंडोजवर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, टाकलं तरी चालतं. पीयूसीला गणित सोडलं असेल, तर संख्याशास्त्र आत्ताच हाती घ्या.

आणि जीवशास्त्र मात्र सोडू नका. आपल्या शिवारातला ऊसच बघा. माणसात गुणसूत्रं ४६, उसात शंभराच्या वर. एकाच जनुकाच्या बऱ्याच जवळपास सारख्या प्रती. सिक्वेन्सिंगमधून, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून, आलेला छोटा तुकडा नेमका कुठल्या प्रतीचा, हेच कळत नाही. हे ठाऊक नसेल तर प्रोग्रॅम बिनचूक चालूनही उत्तर चुकतं.

एम.एस्सी.साठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचं साहाय्य असलेल्या अभ्यासक्रमांना जीएटी-बी परीक्षेतून प्रवेश मिळतो. अर्ज भरायच्या आधी त्या त्या विभागाचा अभ्यासक्रम उघडून प्रोग्रॅमिंगचे तास किती आहेत ते बघा.