कापलं की उजळणारा रंग

श्रोतेहो, नमस्कार. स्तनातली गाठ काढली, टाके सुकत आले, आणि मग पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात पडतो : काढलेल्या तुकड्याच्या कडेला अजून कर्करोगाच्या पेशी आहेत. म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा ऑपरेशन. स्तन वाचवून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक जणींवर ही वेळ येते, आणि ती टळावी असं मला फार मनापासून वाटतं.

सर्जनच्या बोटांना गाठ लागते, तिच्या आसपास विखुरलेल्या पेशी लागत नाहीत. पण या पेशी आपला माग सोडतात. दुधाच्या नलिकेभोवती एक पातळ पडदा असतो. कर्करोग त्याच्या आत असतो तोवर नलिकेपुरताच असतो. इन्व्हेजिव्ह झाला की पडदा फोडून बाहेर पडतो. त्यासाठी तो प्रथिनं कापणारी एन्झाइम वापरतो. मेटॅलोप्रोटिनेज, कॅथेप्सिन ही त्यांची नावं.

नेमकं हेच हेरून शास्त्रज्ञांनी रंग बनवला. चमकणारा रेणू आणि त्याची चमक गिळणारा दुसरा रेणू, दोघं एका छोट्याशा पेप्टाइडने, म्हणजे प्रथिनाच्या तुकड्याने, बांधलेले. बांधलेले आहेत तोवर अंधार. एन्झाइमने पेप्टाइड कापलं, की चमकणारा रेणू मोकळा होतो आणि तिथेच उजळतो. पूर्वीचे रंग सगळीकडेच चमकायचे. इथे रोगाचं हत्यारच दिवा लावतं.

पेगुलिसियानिन हे असंच एक औषध. ऑपरेशनच्या २ ते ६ तास आधी ते शिरेतून देतात. गाठ काढल्यावर सर्जन हातातला कॅमेरा थेट त्या पोकळीत फिरवतात. जिथे चमक दिसेल तिथला आणखी पातळ थर काढतात, त्याच ऑपरेशनमध्ये. अमेरिकेत १४ केंद्रांवर त्याची चाचणी झाली. ३५७ जणींपैकी २७ जणींमध्ये नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर मागे राहिलेला कर्करोग या प्रकाशाने सापडला. कडा सदोष, म्हणजे कर्करोगाच्या पेशी असलेल्या, निघालेल्या ६२ जणींपैकी ९ जणींचं दुसरं ऑपरेशन टळलं. एप्रिल २०२४मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली.

नऊ हा आकडा लहान वाटेल. त्या नऊ घरांत तो लहान नाही. पण उणिवाही सांगायला हव्यात. सदोष कडांपैकी निम्म्याच या प्रकाशात पकडल्या गेल्या. सूज असलेल्या निरोगी भागातही हीच एन्झाइम असतात, त्यामुळे कधी तिथेही उजळतं. काही जणींना तीव्र अॅलर्जी झाली, म्हणून औषधावर तसा ठळक इशारा आहे. त्यामुळे पॅथॉलॉजीच्या रिपोर्टची वाट अजूनही पाहावीच लागते.